चौथ्या झोपेनंतर

सलोमत शिडीवरून पडली ती रेशीमकिड्यांच्या तिसऱ्या झोपेच्या दिवशी. तुतीला टेकवलेली शिडी सरकली आणि ती कालव्याच्या काठावर उजव्या हातावर आली. मनगटात काहीतरी कट्‌कन वाजलं. तिनं खाली पडलेल्या फांद्या डाव्या बगलेत गोळा केल्या, घरी आणून दाराशी टाकल्या, आणि मग उंबऱ्यावर बसून नवऱ्याला म्हणाली, "पोरीला बोलावून घ्या."

पोरगी मुअत्तर. नामांगानला विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती. निरोप आला तेव्हा ती वसतिगृहाच्या खाटेवर गरम झालेला लॅपटॉप मांडीवर घेऊन, पडद्यावरचं बटण दाबलं तरी काहीच का होत नाही ते शोधत बसली होती. तिनं ते तसंच सोडलं. दोन तासांनी ती ओकतूतच्या फाट्यावर व्हॅनमधून उतरली, तेव्हा कालव्याकाठच्या तुतींची पांढरी फळं धुळीत टपटप पडत होती आणि सगळ्या गावाला गोडसर, आंबूस वास येत होता.

दारातच आईनं अडवलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या रुमालात अडकवलेला.

"अत्तर लावलंयस?"

"नाही ओयी."

"साबण?"

"वासाचा आहे थोडा."

"जा, साध्या पाण्यानं परत आंघोळ कर. किड्यांना सोसत नाही. नावात आहे तेवढं अत्तर पुरे."

घरातली सगळ्यात चांगली खोली दर वसंतात किड्यांची व्हायची. गालिचे गुंडाळून भिंतीशी उभे, खिडक्यांना प्लास्टिक, मधोमध पॉपलरच्या खांबांची तीन मजली मांडणी, आणि तिच्यावर पाल्यात लोळणारे हजारो पांढुरके जीव. महिनाभर घरात कांदा परतला जात नसे, कुणी मोठ्यानं हसत नसे. माणसं ओसरीवर झोपत आणि अंगणाच्या टोकाला चूल मांडत. बावीस वर्षं सलोमतनं हे एकटीनं केलं होतं. सोबीर, तिचा नवरा, शेतसंघाच्या कापसावर राबायचा. उजाडता खांद्यावर कुदळ टाकून जायचा, आणि परतला की पाय धुऊन खोलीत डोकावायचा, पाहुणा बघायला यावा तसा.

आता मुअत्तर झाडावर आणि आई खाली. दव वाळलं की फांद्या तोडायच्या, भारा सायकलला बांधून आणायचा, खालची विष्ठा काढायची, वरून पाला पसरायचा. पसरून होतो न होतो तोवर पहिल्या मांडणीवर नुसत्या काड्या उरलेल्या. चौथ्या दिवशी तिची बोटं तुतीच्या चिकानं काळी झाली, कोपराच्या आतल्या बाजूला ओरखड्यांची जाळी उठली. मान वर करून तोडायचं आणि वाकून घालायचं, त्यामुळे पाठ आपली राहिली नाही असं वाटायचं.

दोन जेवणांच्या मध्ये, म्हणजे किड्यांच्या जेवणांच्या मध्ये, ती द्राक्षाच्या मांडवाखाली पालथ्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसायची.

एकदा आई हिरव्या चहाचा पियाला घेऊन शेजारी टेकली. म्हणाली, "तू काय शिकतेस ते एकदा नीट सांग बघू. बाया विचारतात. मी म्हणते, कॉम्प्युटर. त्या म्हणतात, दुरुस्त करते का? मी म्हणते, हो."

मुअत्तर हसली. "दुरुस्त नाही गं. वेबसाइट बांधायची, अख्खी. समज दुकान आहे. गिऱ्हाइकाला दिसतं ते दार, फळ्या, मांडलेला माल, ती पुढची बाजू. मागे कोठार, कुठं काय ठेवलंय त्याची नोंद, कुणाला आत सोडायचं ते. ती मागची. बाकीचे कुणी पुढची शिकतात, कुणी मागची. आम्ही दोन्ही शिकतो, आणि दोन्हींमधली ये-जा पण."

"बरं. आणि तुझं दुकान कसलं?"

"बुटांचं."

"बूट कुठायत?"

"बूट नाहीत. फोटो आहेत."

"कुणाच्या बुटांचे?"

"असेच. नेटवरचे."

सलोमतनं चहाचा घोट घेतला. मग उठताना एवढंच म्हणाली, "वीस वर्षांची झालीस, अजून बाहुलीचा संसार मांडतेस."

मुअत्तरचे कान तापले. कारण बोतीर दोम्लांनीही वर्गात असंच काहीसं म्हटलं होतं. तिचे शिक्षक ते. अठ्ठावीस मेला तिघांच्या समितीपुढे प्रत्येकानं आपली साइट चालवून दाखवायची होती. वर्गातल्या तेवीस जणांपैकी एकोणीस जणांनी दुकानं काढली होती, आणि दोम्ला म्हणाले होते, "एवढा मोठा बाजार, आणि एकानं तरी कुणाला काही विकलंय का?"

तिनं दोम्लांना फोन केला. आईचा हात, किडे, सगळं सांगितलं.

"मुअत्तर, तुझ्या आईला लवकर बरं वाटो. पण तारीख माझ्या हातात नाही. त्या दिवशी जो नाही, त्यानं पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा घ्यायचा."

"दोम्ला, किडे तेव्हाच चढतात."

"कुठं चढतात?" दोम्ला शहरात वाढलेले.

तेरा मेला किडे चौथ्यांदा झोपले. कात टाकण्याआधीची ही शेवटची आणि सगळ्यात लांब झोप. डोकी वर करून, जणू कुणी हाक मारल्यासारखे, सगळेच्या सगळे थिजले. खायचा आवाज थांबला. दोन दिवस पाला तोडायचा नव्हता. सगळं घर कुजबुजत बोलू लागलं. मुअत्तर ओसरीवरच्या गादीवर पडली आणि भर दुपारी गाढ झोपली. स्वप्नात ती मांडणीवर आडवी होती. पांघरूण अंगाला घट्ट होत चाललं होतं, आणि तिला ठाऊक होतं की ते फाडून बाहेर यायचं आहे, पण त्यासाठी आधी एक ओळ लिहायची आहे आणि ती कुठली ते आठवत नाही. जागी झाली तेव्हा मांडवातून उन्हाचे ठिपके तिच्या हातावर हलत होते. आई डाव्या हातानं तिच्या केसांतून तुतीची काडी काढत होती.

"उठ. ते उठले."

चार झोपा संपवून पाचव्या वयात आलेले किडे खातात तो आवाज वेगळाच. वाळल्या पाचोळ्यातून मेंढरांचा लांबलचक कळप न थांबता चालत राहावा तसा. ओसरीवर, अंगणात, विहिरीवरसुद्धा ऐकू यायचा. बाहेर गेलं तरी कानातून जात नसे. पाला आता फांद्यांसकट घालायचा, दिवसाला सायकलचे आठ-आठ भारे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा पडल्या.

दहा मिनिटंच. आभाळ डोंगराकडून हिरवट झालं, कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरल्या, आणि कच्च्या जर्दाळूएवढ्या गारांनी अंगण पांढरं झालं. मग लगेच ऊन. पांढऱ्या जमिनीतून वाफ निघू लागली, आणि त्या वाफेत सगळा गाव तरंगतोय असं दिसलं. मुअत्तर कालव्यावर धावली. तुतींना पानं नव्हती. चिंध्या होत्या. ओल्या, ठेचलेल्या, काळ्या पडत चाललेल्या. असला पाला घातला की किड्यांना पिवळा रोग होतो. अंग फुगतं, फुटतं, पिवळं पाणी गळतं, आणि एकाचा सगळ्यांना होतो.

सोबीर शेतावरून आला तो चिखलानं माखलेला. कापसाचे कोंब जमीनदोस्त झाले होते.

"उद्यापासून सगळं परत पेरायचं," तो म्हणाला. "संघानं सगळ्यांना बोलावलंय. मी काही इथं नाही." मग आतून येणाऱ्या आवाजाकडे कान देऊन त्यानं विचारलं, "पाला किती आहे?"

"छपरात दोन वेळचा," मुअत्तर म्हणाली. "अदा, पुलाच्या वरच्या अंगाला गारा पडल्याच नाहीत. कालव्याकाठची ती बारा झाडं हिरवीगार आहेत. मी बघून आले."

सोबीरनं बायकोकडे पाहिलं. सलोमत प्लास्टरचे सुटलेले दोरे ओढत बसली होती.

"तिच्या दारात नाही जायचं," ती म्हणाली.

ती म्हणजे तोजीखान. पुलापलीकडे एकटी राहायची. नवरा वारल्यावर शेतसंघानं कालव्याकाठची बारा झाडं सलोमतच्या नावावरून काढून तिच्या नावावर लावली, आणि सलोमतनं भर पुलावर, दहा माणसांच्या देखत म्हटलं होतं, "द्या, द्या तिला झाडं. विधवेच्या हातात पिवळा रोग असतो. एक किडा जगणार नाही तिच्याकडे." त्याला दोन वर्षं झाली. दोघी त्यानंतर एका पुलावरून एका वेळी गेल्या नव्हत्या.

"ओयी, उद्या दुपारपर्यंत सगळे मरतील."

"मरू देत. जायचं नाही म्हटलं ना."

मुअत्तर सकाळी पुलावरून गेली नाही. आईला ओसरीवरून पूल दिसतो. ती कालव्यात उतरली, गुडघाभर गढूळ पाण्यातून पलीकडे निघाली आणि ओल्या पायजम्यानं तोजीखानच्या अंगणात उभी राहिली.

"अस्सलाम अलैकुम, तोजीखाला."

तोजीखान जर्दाळूखाली बसून टोपी भरत होती. काळ्या कापडावर पांढऱ्या रेशमाचे चार बदाम, आणि चौथ्याचं शेपूट राहिलेलं. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेरानं मोठी बाई. तिनं सुई थांबवली नाही.

"आईनं पाठवलं?"

"नाही. जाऊ नको म्हणाली."

"मग?"

"म्हणून पाण्यातून आले."

सुई क्षणभर थांबली, परत चालू झाली. "पाला हवाय."

"हो."

"कॉम्प्युटर शिकतेस ना तू? मग त्यातून काढ की पाला. तुझी आई सगळ्या गावाला सांगते, पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते."

मुअत्तर खाली मान घालून उभी राहिली. पायजम्यातून पाणी गळून तिच्या पायाशी चिखल होत होता. तोजीखान मुद्दाम हळू टाके घालत होती. आणि त्या शांततेत मुअत्तरला हळूहळू उमगलं की ही शांतता जास्तच आहे. किड्यांच्या खोलीचं दार चार हातांवर होतं, गोधडी लावून बंद केलेलं. पाचव्या वयाचे किडे आत असते तर या अंगणात आपला श्वासही ऐकू आला नसता. आतून काहीच येत नव्हतं. भिंतीच्या कडेला नुकतीच खणून बुजवलेली माती होती आणि तिच्यावर चुना भुरभुरलेला, रोगानं मेलेलं पुरल्यावर टाकतात तसा.

तिनं वर पाहिलं. तोजीखान तिच्याकडेच बघत होती. सुई हवेत. चेहरा असा, की आता कुणीतरी थोबाडीत मारणार आहे आणि आपण ती खायला तयार आहोत.

मुअत्तरच्या तोंडून शब्द कसे निघाले ते तिचं तिलाच कळलं नाही.

"तुमचे किडे अजून चौथ्या झोपेतच आहेत वाटतं, खाला."

जर्दाळूचं एक पान गिरक्या घेत दोघींच्या मध्ये पडलं.

"हो," तोजीखान घोगऱ्या आवाजात म्हणाली. "उशिरा झोपले यंदा."

"मग इतक्यात पाला लागणार नाही तुम्हाला."

"नाही लागणार." तिनं सुई कापडात खोचली. नाक ओढलं, उठली, गुडघे झटकले. "फुकट नाही हं देणार."

"सांगाल ते काम करीन."

"तू काय करशील! आधी शेंबूड पूस." मग आत जाऊन तिनं चादरीचं एक गाठोडं आणलं आणि सोडलं. टोप्या. एकात एक बसवलेल्या, चाळीसेक असतील. "दोन हिवाळ्यांचं काम आहे. शहरातून व्यापारी येतो, बोटानं ढकलून बघतो, म्हणतो, हिचा रंग उडालाय, हिचा बदाम वाकडा. माझा बदाम! लोक म्हणतात, फोनमध्ये दुकान उघडता येतं. येतं का?"

"येतं, खाला," मुअत्तर म्हणाली. "माझ्याकडे आहे एक. मालच नाही त्यात."

शिडी तोजीखानची, हातही तिचाच. "तू खाली थांब, तुमच्या घराण्याला शिडी लाभत नाही," म्हणत ती सरसर वर गेली. पहिला भारा घेऊन मुअत्तर पुलावरूनच परतली. ओसरीवर आई उभी होती. तिनं भाऱ्यातलं एक पान उचललं. हाताच्या तळव्याएवढं, जाड, कुरकुरीत. कुठल्या झाडाचं ते तिला सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं तिनंच ती झाडं छाटली होती. पान भाऱ्यात ठेवून ती डाव्या हातानं पाला पसरू लागली.

असे दिवसामागून दिवस गेले. सकाळी पाला, दुपारी पाला, संध्याकाळी पाला. मध्ये जर्दाळूखाली टोप्यांचे फोटो. तोजीखान एकेक टोपी तळव्यावर धरून फिरवायची.

"ही नवऱ्या मुलाची. ही शाळेत जाणाऱ्याची, हिला धुऊन चालतं. ही म्हाताऱ्यांची, टोकं बसकी बघ. आणि ही... ही विकायची नाही. पण काढ फोटो, चांगली आलीय."

मुअत्तरनं बुटांचं दुकान रिकामं केलं. कोडच्या एका ओळीनं बेचाळीस जोड बूट नाहीसे झाले आणि तिला एखादी खोली झाडून काढल्यासारखं हलकं वाटलं. मग एकेक टोपी हातानं भरली. कुणाची, कशाची, किती दिवसांची. गिऱ्हाइकानं मागणी नोंदवली की तोजीखानच्या फोनवर निरोप जायचा, ही मागची जोडणी तिला दोन दिवस पुरली. बसल्या बसल्या डोळा लागायचा. कधी गाल चावीपट्टीवर पडून पडद्यावर एकच अक्षर रांगेनं उमटत राहायचं. एकदा डोळे उघडले तर एक किडा पडद्यावर होता, तिच्या ओढणीला चिकटून आलेला. तिनं लिहिलेल्या ओळींवरून तो हळूहळू सरकत होता. मध्येच अर्धं अंग उचलून इकडेतिकडे हुंगायचा, इथं पाला कुठाय म्हणून. तिनं त्याला उचललं नाही. त्याला त्या उजेडावरून पार शेवटपर्यंत जाऊ दिलं, आणि मग बोटावर घेऊन आत नेऊन सोडलं.

एके संध्याकाळी आईनं विचारलं, "तिचे किडे काय म्हणतात?"

"झोपलेत."

"आठ दिवस?"

"हो."

सलोमतनं हातातली फांदी मांडणीवर ठेवली. तिचा हात तिथंच राहिला. किडे लगेच त्या बोटांवरून पानांकडे चढू लागले.

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

अठ्ठावीस तारखेला उजाडताच मुअत्तर खोलीत गेली आणि दारातच थबकली. किड्यांनी पाल्याला तोंड लावलं नव्हतं. अंगं आखूड झाली होती, उजेडापुढे धरलेल्या द्राक्षासारखी पारदर्शक, मधाच्या रंगाची. डोकी वर करून ते जागा शोधत होते. चढायचा दिवस. आता तासाभरात सगळीकडे वाळक्या झुडपांच्या जुड्या उभ्या केल्या नाहीत तर ते कोपऱ्यांत, फटींत, एकमेकांवर कसेही कोष विणणार. तीस दिवसांचं काम, आणि हाताशी एक धडधाकट हात तोही डावा. अदा अंधारातच पेरणीला गेला होता.

तिनं खांद्यावरची पिशवी उतरवली. "मी नाही जात, ओयी."

सलोमत काही म्हणणार तोच फाटक वाजलं. पाठीवर वाळक्या झुडपांचा, तिच्याहून मोठा भारा घेऊन तोजीखान आत आली.

"नाही जात म्हणजे?" ती भाऱ्याखालूनच गरजली. "माझ्या चाळीस टोप्या त्या डब्यात घालून घरी बसणार? निघ. व्हॅन उभी आहे फाट्यावर, मी त्याला थांबायला सांगितलंय."

भारा खाली टाकून ती सरळ झाली, आणि समोर दारात सलोमत. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मुअत्तरला वाटलं आपण थांबावं, मध्ये पडावं. पण फाट्यावरून व्हॅनचा भोंगा आला. ती पळत सुटली. वळणावर तिनं मागे पाहिलं तर अंगण रिकामं होतं, आणि किड्यांच्या खोलीच्या दाराबाहेर रबरी जोड्यांचे दोन जोड शेजारी-शेजारी काढलेले होते.

परीक्षेच्या खोलीत पंखा होता आणि जाड पडदे. एकेकाचं दुकान भिंतीवर उजळत होतं आणि विझत होतं. मुअत्तरच्या पापण्यांवर तीन आठवड्यांचा पाला होता. तिचा नंबर आला तेव्हा ती उठली. काळी बोटं बाहीत लपवायचा प्रयत्न केला, पण चावीपट्टीवर ती दिसणारच होती.

"हे काय झालंय हाताला?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तुती आहे. जात नाही."

मागे कुणीतरी खुसखुसलं. तिनं साइट उघडली. काळ्यावर पांढरे बदाम भिंतभर पसरले आणि खुसखुस थांबली. दोम्लांनी विचारलं, गिऱ्हाइकांचे पासवर्ड कसे ठेवलेस, एकाच टोपीला दोघांनी एकदम हात घातला तर काय, सर्व्हर बंद पडला तर मागणी कुठं जाते. ती उत्तरं देत गेली. आपलाच आवाज तिला दुरून, कालव्यापलीकडून यावा तसा येत होता.

"ठीक," दोम्ला म्हणाले. "मीच एक मागवून बघतो." त्यांनी आपलं नाव घातलं, फोन नंबर घातला, नवऱ्या मुलाच्या टोपीवर बोट ठेवलं. भिंतीवर अक्षरं उमटली, मागणी पोचली. "छान. म्हणजे निरोप जातो. आता पुढचा प्रश्न..."

दोम्लांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि टेबलावर ठेवूनच फोन मोठ्या आवाजात उघडला.

"टोपी तुम्हीच मागवलीत का?" बाईचा आवाज. ती कुजबुजत होती, पण कुजबुजसुद्धा दमदार होती.

"हो, म्हणजे..."

"डोकं केवढंय?"

खोलीत हशा पिकला. "खाला, जरा मोठ्यानं बोला," दोम्ला म्हणाले.

"मोठ्यानं कसं बोलू? किडे चढताहेत इथं. लग्न कधी आहे तुमचं?"

"माझं लग्न झालंय, खाला. ही परीक्षा आहे. नुसतं तपासून बघत होतो."

"म्हणजे टोपी नको?"

"तसं नाही..."

"नको होती तर मागवली कशाला? मी कोषाचं काम टाकून बाहेर आले. हातात काड्या, फोन गालाशी धरलाय. डोक्याचं माप सांगा, नाहीतर नको म्हणा. आणि पोरीला सांगा, डोकं केवढं ते विचारायलाच विसरलीय ती त्या फोनमध्ये."

तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला, बारीक, दमलेला. मुअत्तरनं तो लगेच ओळखला. "त्यांना म्हणावं दोऱ्यानं मोजा. कपाळाच्या मधून."

"ऐकलंत? दोऱ्यानं."

दोम्लांनी इकडेतिकडे पाहिलं. मग लॅपटॉपची वायर उपसून डोक्याभोवती गुंडाळली, चिमटीत धरली आणि अध्यक्षबाईंच्या पट्टीवर धरली. "सत्तावन्न," ते नम्रपणे म्हणाले.

"चांगलं डोकं आहे. दहा दिवसांनी पाठवते." फोन बंद झाला.

हसणं ओसरायला वेळ लागला. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "डोक्याच्या मापाची जागाच नाही," त्या म्हणाल्या. "टोपीच्या दुकानात! पुढची बाजू उत्तम, मागची उत्तम, आणि गिऱ्हाइकाला डोकं आहे हे विसरलात. चार."

पाचपैकी पाच नाही, चार. मुअत्तर जागेवर येऊन बसली. वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या कानात एकच गोष्ट फिरत होती. आईचा आवाज तोजीखालाच्या फोनमध्ये होता. तिनं दोन्ही काळे तळवे बाकावर उपडे ठेवले आणि तिथंच, पुढच्याचं दुकान भिंतीवर उजळत असताना, झोपून गेली.

ती घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. खोलीत झुडपांच्या जुड्या छताला भिडल्या होत्या आणि त्यांत जागोजाग पांढुरकं धुकं अडकल्यासारखं दिसत होतं. आत किडे डोकं हलवत, हलवत, दिसेनासे होत चालले होते. तोजीखान निघून गेली होती. आई भिंतीला टेकून बसली होती.

"काय बोललात दोघी?" मुअत्तरनं विचारलं.

"काम होतं. बोलायला वेळ कुठला?"

"काहीच नाही?"

"बोलले मी. जे बोलायचं होतं ते." सलोमतनं डोळे मिटले. "ती म्हणाली, खालच्या जुड्या हलताहेत, आधी त्या बांध. मग आम्ही बांधल्या."

यापलीकडे मुअत्तरला कधीच काही कळलं नाही.

जूनच्या सुरुवातीला कोष निघाले, मध्यात प्लास्टरही निघालं. ताशकंदहून एका अनोळखी माणसाची मागणी आली. नव्या रकान्यात त्यानं डोक्याचं माप घातलं होतं, एकतीस. तोजीखान फोन घेऊन तरातरा आली. "हे काय डोकं आहे की जर्दाळू? या माणसाला मोजता येत नाही." तेव्हा ठरलं की कसं मोजायचं त्याचा फोटो साइटवर टाकायचा.

सोबीरला मांडवाखाली बसवलं. पेरणी दुसऱ्यांदा उगवली होती आणि तो महिन्यात पहिल्यांदाच दुपारचा घरी होता. दोऱ्याचं एक टोक तोजीखानच्या हातात, दुसरं सलोमतच्या. मुअत्तर फोन धरून समोर.

"कपाळ इथं संपतं," तोजीखान म्हणाली.

"इथं कुठलं? तिथं तर टक्कल आहे."

"टक्कल म्हणजे कपाळच की."

"बावीस वर्षं बघतेय मी हे डोकं. कपाळ इथपर्यंत."

सोबीरनं डोळे मिटले होते. दोघींचे हात डोक्यावरून फिरत होते आणि तो गुंगीत डुलत होता. सलोमतनं दोरा ताणला, आणि तिचा उघडा पडलेला हात, पाच आठवडे ऊन न लागलेला, पांढरा, सुकून काडी झालेला, अर्ध्यातच खाली आला. दोरा सुटला. तोजीखाननं आपलंही टोक सोडून तो हात धरला. उलटासुलटा करून बघितला. मग अंगठ्यानं मनगटापासून वर चोळू लागली, जोर लावून, कणीक मळावी तशी.

"दुखतंय," सलोमत म्हणाली.

"दुखू दे. रोज चोळलं नाहीस तर पुढच्या वर्षी फांदी कशी धरशील? मी येईन सकाळची."

मुअत्तरनं फोटो काढला तो त्याच वेळी. त्यात दोरा घसरून सोबीरच्या नाकावर आला होता, तो बसल्या बसल्या झोपला होता, आणि मोजणाऱ्या दोघींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तिनं तो साइटवर चढवला आणि खाली लिहिलं, 'असं मोजू नये.' मग दुसरा काढण्यासाठी ती तिथंच मांडवाखाली बसून राहिली. त्यांना घाई नव्हती, आणि तिलाही.